धडक की धक्का?

प्रस्तावना

दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या की आवाज होतो, आणि घडलेली घटना सांगताना बोलणाऱ्याच्या तोंडून एक क्रियापद बाहेर पडते. आदळणे, आपटणे, धडकणे, टक्कर होणे, धक्का लागणे, ठोकर बसणे अशी कितीतरी क्रियापदे मराठीत आहेत. शब्दकोशात यांपैकी एकाचा अर्थ दुसऱ्याने दिलेला आढळतो. त्यामुळे ही सर्व समानार्थी असून त्यांतले कोणतेही वापरले तरी चालेल, असा समज होतो.

हा समज पूर्णपणे बरोबर नाही. प्रत्येक क्रियापद घटनेचे थोडे वेगळे चित्र उभे करते. कोण हलत होते, जोर किती होता, नुकसान काय झाले आणि चूक कोणाची होती, यांविषयी ते काही ना काही सुचवते. गप्पा मारताना हा फरक जाणवत नाही. पण पोलीस ठाण्यात खबर देताना, न्यायालयात साक्ष देताना किंवा नुकसानभरपाईचा अर्ज लिहिताना तोच फरक फार महत्त्वाचा ठरतो. या पाठात आघाताच्या आणि आवाजाच्या मराठी शब्दांचा, तसेच त्यांच्याशी मिळत्याजुळत्या इंग्रजी क्रियापदांचा अभ्यास करावयाचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• आघातदर्शक क्रियापदांतील अर्थभेद सांगता येतील;
• मराठीतील नादानुकारी शब्द कसे घडतात ते ओळखता येईल;
• आघाताच्या इंग्रजी क्रियापदांना योग्य मराठी पर्याय निवडता येतील;
• पाहिलेली आणि ऐकलेली गोष्ट वेगवेगळी ठेवून घटनेचे निवेदन करता येईल.

१. एक प्रसंग

(पुढील प्रसंग उदाहरणासाठी रचलेला आहे.)

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. भूसेनेच्या मध्य कमांडचे मुख्यालय लखनौच्या छावणीत आहे आणि छावणीचा परिसर तेलीबागेपासून दूर नाही. सातारा जिल्ह्यातील एका जवानाची पत्नी तेलीबागेत भाड्याच्या घरात राहत होती.

एके सायंकाळी ती भाजीच्या हातगाडीजवळ उभी होती. तिची पाठ रस्त्याकडे होती. अचानक मागे धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ काहीतरी खणखणत रस्त्यावरून घरंगळत गेले. तिने वळून पाहिले. एक सायकल आडवी पडली होती. तिच्या घंटीची वाटी रस्त्यावर गरगरत होती. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा मनगट धरून बसला होता आणि चार पावलांवर एक ई-रिक्षा तिरपी उभी होती. "रिक्षाने मागून येऊन मला धडक दिली," असे मुलगा म्हणत होता. "हाच अचानक आडवा आला," असे चालक म्हणत होता.

मुलाचे मनगट मोडले होते. त्याला रुग्णालयात नेण्यात आले. त्याच्या घरचे कोणी जवळ नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन खबर देण्याचे तिने ठरविले.

रात्री शेजारच्या मराठी बाईंनी तिला विचारले, "वहिनी, रिक्षाने पोराला किती जोरात उडवले हो?" ती म्हणाली, "फारच जोरात असणार." थोड्या वेळाने पतीने विचारले, "अगं, रिक्षाचा धक्का लागला तेव्हा तिचा वेग किती होता?" ती म्हणाली, "फार नसावा." आपलीच दोन उत्तरे आठवून ती चपापली. घटना एकच होती. प्रश्नातला शब्द बदलला आणि तिचे उत्तरही बदलले. शिवाय आघाताचा क्षण तर तिने पाहिलाच नव्हता. मग उद्या खबर देताना तिने कोणता शब्द वापरावा?

२. समानार्थी शब्दांतील भेद

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रत्येक क्रियापदाला चार प्रश्न विचारावेत. हालचाल कोणाची होती? कर्ता कोण? जोर किती? परिणाम काय?

आदळणे. हे बहुधा अकर्मक क्रियापद म्हणून येते. हलणारी वस्तू दुसऱ्या, बहुधा स्थिर किंवा जड वस्तूवर जोराने जाऊन लागते तेव्हा ते वापरतात. 'लाट खडकावर आदळली', 'बस झाडावर आदळली'. कोण हलत होते हे त्यातून कळते, पण दोष कोणाचा हे कळत नाही.

आपटणे. हे अकर्मक आणि सकर्मक अशा दोन्ही प्रकारे येते. 'माझे डोके चौकटीला आपटले' यात चूक किंवा हेतू दिसत नाही. 'त्याने दार आपटले' यात मात्र 'ने' प्रत्ययाचा कर्ता येतो आणि त्याचा रागही दिसतो. एका प्रत्ययामुळे घटनेला जबाबदार व्यक्ती मिळते.

धडकणे, धडक देणे. 'मोटार दुभाजकावर धडकली' यात मोटारीची हालचाल आणि जोर दिसतो. 'मोटारीने सायकलला धडक दिली' असे म्हटले की मोटार ही करणारी आणि सायकल ही सोसणारी ठरते. धडकणे म्हणजे एकाएकी येऊन पोहोचणे असाही अर्थ आहे : 'वादळ किनाऱ्यावर धडकले', 'मोर्चा कचेरीवर धडकला'.

टक्कर होणे. या रचनेत दोन्ही पक्ष समान पातळीवर येतात. 'रिक्षाची आणि सायकलची टक्कर झाली' या वाक्यात कोणी कोणाला मारले हे सांगितलेलेच नाही. मात्र दोघांचाही वाटा आहे, असे ते सूचित करते. मराठीत 'टक्कर देणे' याचा अर्थ सामना करणे असा होतो. हिंदीत 'टक्कर मारना' म्हणजे धडक देणे. उत्तर प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने हा फरक लक्षात ठेवावा.

धक्का लागणे, देणे, बसणे. 'गर्दीत धक्का लागला' म्हणजे तो नकळत लागला. 'धक्का दिला' किंवा 'धक्का मारला' म्हणजे तो जाणूनबुजून दिला. 'बातमी ऐकून धक्का बसला' यातला आघात मनावरचा आहे. नाम तेच राहते. सहायक म्हणून येणारे क्रियापद बदलले की हेतू बदलतो.

उडवणे, चिरडणे. ही क्रियापदे आघातापेक्षा परिणाम अधिक सांगतात. 'उडवले' म्हटले की मोठा वेग आणि दूर फेकले गेलेले शरीर डोळ्यांपुढे येते. तसे प्रत्यक्ष पाहिले नसेल तर हा शब्द वापरू नये.

हाताने होणाऱ्या आघातांतही मराठी असाच बारीक भेद करते. एका बोटाची ती टिचकी, डोक्यावर हलकेच मारलेली ती टपली, उघड्या तळहाताची ती चापट, पाठीत बसतो तो धपाटा आणि मिटलेल्या मुठीचा तो गुद्दा किंवा ठोसा. 'त्याने मारले' एवढेच सांगितले तर यांतले नेमके काय घडले हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

'अपघात' या शब्दाकडेही पाहावे. संस्कृत 'हन्' म्हणजे मारणे या धातूपासून 'घात' हा शब्द झाला. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून आघात, अपघात, प्रत्याघात, विघात असे शब्द तयार झाले. मराठीत जिथे 'अपघात' म्हणतात तिथे हिंदीत सामान्यतः 'दुर्घटना' म्हणतात. म्हणजे मराठी शब्दात मार आहे, तर हिंदी शब्दात वाईट घटना आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) 'टेम्पो भिंतीवर आदळला' आणि 'टेम्पोने भिंतीला धडक दिली' या वाक्यांत कोणता फरक आहे?
(आ) योग्य क्रियापद निवडा : बसमधून उतरताना नकळत एका आजोबांना माझा धक्का ______. (दिला / लागला / मारला)
(इ) दोन्ही पक्षांचा वाटा सुचवणारी रचना कोणती?

३. आवाजाचे शब्द

आघाताबरोबर आवाज येतो. आवाजाचे अनुकरण करून बनलेल्या शब्दांना नादानुकारी किंवा अनुकरणवाचक शब्द म्हणतात. मराठी या शब्दांनी समृद्ध आहे. एकाच मुळापासून वेगवेगळी रूपे होतात आणि प्रत्येक रूपाचे काम ठरलेले असते.

• एकदाच आणि अचानक : धाडकन, खाटकन, खळकन, धपकन. 'काच खळकन फुटली', 'पोते धपकन पडले'.
• सतत चालणारा : खडखड, टपटप, धडधड. 'गाडी खडखड करीत गेली'.
• एकामागून एक, झपाट्याने : धडाधड, टपाटप, दणादण. 'भांडी धडाधड खाली पडली'.
• नाम : खडखडाट, घणघणाट, दणदणाट.
• क्रियापद : खडखडणे, खणखणणे, दणाणणे, आवाज करविण्यासाठी खडखडवणे, खणखणवणे.
• विशेषण : खणखणीत आवाज, दणदणीत विजय, ठणठणीत प्रकृती, खडखडीत ऊन.

शेवटच्या गटात आवाज मागे पडून गुण शिल्लक राहिला आहे. नाणे दगडावर वाजवून पाहिले असता शुद्ध धातू खणखणतो, म्हणून खरे आणि स्पष्ट ते खणखणीत ठरले. मडके घेतानाही टिचकी मारून पाहतात. पक्के मडके स्पष्ट वाजते, तडा गेलेले मडके बद्द वाजते. रेल्वेत गाडीच्या चाकांवर हातोडी मारून चाक तडकले आहे काय, हे आवाजावरून ओळखण्याची पद्धत फार काळ होती. आवाज हा पुरावा असतो, ही जाण अशा साध्या व्यवहारांतून आलेली आहे.

या शब्दांतील वर्णही मनाला येईल तसे आलेले नसतात. किणकिण, खणखण आणि घणघण हे तीन शब्द क्रमाने उच्चारून पाहावेत. बांगड्या किणकिणतात, नाणी खणखणतात आणि देवळातील मोठी घंटा घणघणते. 'कि'पासून 'घ'पर्यंत जाताना वस्तू मोठी आणि आवाज जड होत जातो. 'टकटक' हलकी असते, 'धडधड' जड असते. स्वर लांबला की आघातही वाढतो : खटकन आणि खाटकन, फटकन आणि फाटकन यांची तुलना करावी.

लखनौत या गोष्टीचा एक उत्तम दाखला मिळतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय सुरू झाले. पुढे त्या संस्थेला भातखंडे यांचेच नाव मिळाले. तबल्याचे लखनौ घराणेही याच शहराचे. तबल्याचे बोल म्हणजे आघातांना दिलेली नावे होत. उजव्या हाताचा 'ता' किंवा 'ना' आणि डाव्या हाताचा, डग्ग्यावरचा, घुमणारा 'घे' एकदम वाजले की 'धा' होतो. तसेच 'तिं'ला डग्ग्याची साथ मिळाली की 'धिं' होतो. तीनतालात खाली येते तेव्हा डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि 'धा धिं'च्या जागी 'ता तिं' ऐकू येतात. खोल आणि भरीव आवाजाला 'ध', कोरड्या आवाजाला 'त', ही तबलजींची निवड आहे. 'धाडकन' आणि 'टकटक' हे शब्द घडविताना बोलीभाषेनेही तेच केले आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) 'टपटप' आणि 'टपाटप' यांतील फरक सांगा.
(आ) कंसातील योग्य शब्द भरा : चिनी मातीची बशी फरशीवर पडून ______ फुटली. (धपकन / खळकन / टपकन)
(इ) तबल्याच्या 'धा' या बोलात कोणते दोन आघात एकत्र येतात?

४. इंग्रजीतील क्रियापदे

नोकरी, विमा, वाहन परवाना आणि रुग्णालय यांच्या कागदपत्रांतून इंग्रजी क्रियापदे सर्वांच्याच समोर येतात. त्यांतही असाच अर्थभेद आहे.

'हिट' हे सर्वसाधारण क्रियापद आहे. त्यातून फक्त आघात कळतो. 'स्ट्राइक' त्याच अर्थाचे, पण अधिक औपचारिक आहे. 'बम्प' म्हणजे हलका धक्का लागणे. 'कोलाइड' हे लॅटिनमधून आले असून त्यात 'एकत्र' आणि 'आघात' हे दोन घटक आहेत. मराठीतील 'टक्कर होणे' त्याला जवळचे आहे. 'क्रॅश' म्हणजे मोठ्या आवाजासह जाऊन आदळणे. 'स्मॅश' म्हणजे तुकडे होतील इतक्या जोराने आदळणे किंवा फोडणे. दार ठोठावणे म्हणजे 'नॉक' आणि बोटाने टकटक करणे म्हणजे 'टॅप'. जड वस्तू मऊ जागी पडल्यावर होणारा 'थड' मराठीतील 'धप्प' या आवाजाशी जुळतो.

इंग्रजीतही वर्ण आणि अर्थ यांचे नाते दिसते. पेल्यांचा 'क्लिंक' लहान असतो, लोखंडी फाटकाचा 'क्लँग' मोठा असतो. किणकिण आणि घणघण यांच्यातले अंतर येथेही 'इ' आणि 'अ' यांसारख्या स्वरांनीच दाखविले आहे. क्रॅश, स्मॅश, क्लॅश, बॅश, डॅश या शब्दांचा शेवट सारखा आहे आणि सर्वांत जोराचा आघात आहे. इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा वर्णसमूहांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यापूर्वी ते लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

'डॅश' या शब्दाने भारतात वेगळेच वळण घेतले आहे. अपघाताच्या दाव्यांच्या इंग्रजी कागदपत्रांत ट्रकने मोटारसायकलला 'डॅश दिला' अशा अर्थाची रचना नेहमी आढळते. महाराष्ट्रातील बोलण्यातही 'डॅश दिला' रूढ आहे. इंग्लंडमधील वाचक या रचनेने गोंधळेल, पण मराठी वाचकाला ती लगेच कळते, कारण तिचा साचा 'धडक देणे' याच्याशी तंतोतंत जुळतो.

मात्र दोन्ही भाषांत एक मूलभूत फरक आहे. इंग्रजी 'क्रॅश' या एकाच क्रियापदात आवाज आणि आघात दोन्ही सामावलेले असतात. मराठीत ते बहुधा दोन शब्दांत वाटले जातात : 'ट्रक धाडकन भिंतीवर आदळला.' 'धाडकन' हे क्रियाविशेषण कानाचे आहे, 'आदळला' हे क्रियापद डोळ्यांचे आहे. त्यामुळे मराठी बोलणाऱ्याला एक सोय मिळते. त्याने केवळ ऐकले असेल तर तो 'धाडकन आवाज झाला' एवढेच म्हणू शकतो आणि न पाहिलेल्या आघाताविषयी मौन पाळू शकतो.

५. एका क्रियापदाने पडणारा फरक

प्रश्नातील क्रियापदाने साक्षीदाराचे उत्तर बदलते काय, याची तपासणी अमेरिकेत झाली. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी आपला हा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या सात छोट्या चित्रफिती दाखविल्या आणि गाड्यांचा वेग किती होता, असे विचारले. प्रश्न एकच होता, पण विद्यार्थ्यांच्या पाच गटांसाठी त्यातील क्रियापद वेगवेगळे होते. ज्यांच्या प्रश्नात 'स्मॅश' होते त्यांनी सांगितलेला सरासरी वेग ताशी ४० मैलांहून थोडा अधिक होता. 'कोलाइड', 'बम्प' आणि 'हिट' या क्रियापदांबरोबर तो उतरत गेला. 'हिट' असणाऱ्या गटाने ३४ मैल सांगितले. 'काँटॅक्ट', म्हणजे गाड्यांचा नुसता स्पर्श झाला, असे ज्यांना विचारले त्यांनी सुमारे ३२ मैल सांगितले. चित्रफिती सर्वांनी त्याच पाहिल्या होत्या.

दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. एक आठवड्यानंतर त्यांना विचारले, "फुटलेली काच दिसली का?" चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही आधी 'स्मॅश' शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी 'हो' म्हटले. 'हिट' ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी आणि वेगाविषयी काहीच न विचारलेल्या ५० जणांपैकी ६ जणांनी 'हो' म्हटले. काही जणांच्या बाबतीत शब्दाने उत्तरच नव्हे, तर आठवणही बदलली, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

प्रत्येक साक्षीदाराची आठवण अशी हलते, असे मात्र समजू नये. कॅनडात प्रत्यक्ष घडलेल्या एका गोळीबाराच्या साक्षीदारांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील साक्षीदार काही महिन्यांनंतरही दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना फारसे बळी पडले नाहीत. प्रयोगशाळेतील चित्रफीत आणि डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग यांत फरक असतो. पण शब्दांविषयी सावध राहावे, एवढे या प्रयोगांवरून नक्की म्हणता येते. तेलीबागेतील त्या स्त्रीची दोन उत्तरे 'उडवले' आणि 'धक्का लागला' या दोन शब्दांतून आली होती.

कायद्यालाही या धोक्याची जाणीव आहे. अपेक्षित उत्तर सुचविणाऱ्या प्रश्नाला सूचक प्रश्न म्हणतात. विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर सरतपासणीत असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. उलटतपासणीत तो विचारता येतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

पाठगत प्रश्न ३

(अ) 'ट्रक धाडकन भिंतीवर आदळला' या वाक्यातील कोणता शब्द ऐकलेली गोष्ट सांगतो?
(आ) १९७४ च्या अभ्यासात सर्वांत अधिक वेग कोणत्या क्रियापदाबरोबर सांगितला गेला?
(इ) सूचक प्रश्न म्हणजे काय?

६. खबर देताना

अपघाताच्या खबरीत शब्दाची किंमत पैशांतही मोजली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये जखमी व्यक्ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकते. ई-रिक्षाही या कायद्याच्या कक्षेत येते. अपघाताला जखमी व्यक्तीचा निष्काळजीपणाही काही अंशी कारण होता, असे सिद्ध झाल्यास त्या प्रमाणात भरपाई कमी होते. 'धडक दिली' म्हटले की सारा भार चालकावर जातो. 'टक्कर झाली' म्हटले की तो दोघांत वाटला जातो. एका शब्दाने मोडलेल्या मनगटाच्या मुलाचे नुकसान होऊ शकते, तर दुसऱ्या शब्दाने निर्दोष असू शकणाऱ्या चालकाची रोजी जाऊ शकते. अंतिम निर्णय सर्व पुरावे पाहून होतो, हे खरे. पण पहिल्या कागदावरील शब्दाविषयी पुढे अनेकदा प्रश्न विचारले जातात.

पोलीस ठाण्याच्या भाषेत काही ठरीव वाक्प्रयोग असतात. महाराष्ट्रात 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून ठोकर मारली' असे लिहिले जाते. उत्तर प्रदेशात कामकाज हिंदीत चालते आणि 'टक्कर मार दी' हा शब्दप्रयोग सहज लिहिला जातो. लिहिणाऱ्याचा त्यात वाईट हेतू नसतो. ती सवयीची भाषा असते. परंतु खबर देणाऱ्याने जे पाहिले नाही तेही त्या भाषेतून त्याच्या नावावर लिहिले जाऊ शकते.

यासाठीच कायद्याने खबर देणाऱ्याला काही अधिकार दिले आहेत. दखलपात्र गुन्ह्याची तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती त्याला वाचून दाखवावी लागते. मगच त्याची सही घेतात. प्रथम खबरी अहवालाची प्रत त्याला विनामूल्य मिळते. पूर्वी हे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहेत. तपासाच्या ओघात साक्षीदाराचा जो जबाब पोलीस लिहून घेतात, त्यावर मात्र साक्षीदाराची सही घेतली जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्त्री पोलीस ठाण्यात गेली. तिचे म्हणणे लिहून झाले आणि तिला वाचून दाखविण्यात आले. त्यात 'ई-रिक्शा ने साइकिल को टक्कर मार दी' असे वाक्य होते. ती थांबली आणि तिने नम्रपणे सांगितले, "भाईसाहब, टक्कर मैंने देखी नहीं." मग तिने क्रमाने सांगितले. तिची पाठ रस्त्याकडे होती. तिने आधी धाडकन आवाज ऐकला आणि नंतर धातूचे काहीतरी खणखणल्याचे ऐकले. वळून पाहिल्यावर सायकल पडलेली, मुलगा मनगट धरून बसलेला आणि रिक्षा तिरपी उभी असलेली दिसली. मुलगा काय म्हणाला आणि चालक काय म्हणाला, हे तिने त्यांच्याच नावाने सांगितले. वाक्य बदलून लिहिले गेले आणि मगच तिने सही केली.

तिने कोणाचीही बाजू घेतली नाही. रिक्षा कोणत्या दिशेला उभी होती, सायकलच्या कोणत्या चाकाला मार बसला होता, या गोष्टी पंचनाम्यात येणार होत्या आणि त्यांवरून सत्य शोधणे हे तपासाचे काम होते. आपल्या कानांनी आणि डोळ्यांनी जेवढे टिपले तेवढेच, योग्य शब्दांत सांगणे हे तिचे काम होते. ते तिने पार पाडले.

तुम्ही काय शिकलात?

• समानार्थी शब्दांचे अर्थ जवळचे असतात. ते अगदी एकच क्वचित असतात.
• आघातदर्शक क्रियापद हालचाल, कर्ता, जोर आणि परिणाम यांविषयी सूचना देते.
• 'ने' प्रत्ययाचा कर्ता आणि लागणे, देणे, मारणे, बसणे ही क्रियापदे जबाबदारी व हेतू दाखवितात.
• नादानुकारी शब्दांच्या रूपांवरून आवाज एकदा झाला, सतत झाला की एकामागून एक झाला हे कळते.
• इंग्रजीत आवाज आणि आघात पुष्कळदा एका क्रियापदात येतात. मराठीत ते बहुधा वेगळे राहतात.
• निवेदन करताना ऐकलेले, पाहिलेले आणि इतरांनी सांगितलेले यांची सरमिसळ करू नये.

पाठान्त प्रश्न

१. 'धक्का' या नामाबरोबर येणाऱ्या तीन क्रियापदांनी अर्थ कसा बदलतो, ते स्वतःच्या वाक्यांसह लिहा.
२. खणखणीत, दणदणीत आणि ठणठणीत या विशेषणांचा वाक्यांत उपयोग करा.
३. पुढील वाक्यातील न पाहिलेला भाग वगळून ते पुन्हा लिहा : 'मी घरात असताना बाहेर भरधाव ट्रकने विजेच्या खांबाला उडवले.'
४. तुमच्या परिसरातील वडीलधाऱ्यांना विचारून बोलीतील दहा नादानुकारी शब्द जमवा आणि प्रत्येक शब्द कोणत्या वस्तूच्या आवाजासाठी वापरतात ते लिहा.
५. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या लहान अपघाताचे दहा ओळींत निवेदन करा. ऐकलेल्या गोष्टींखाली एक रेघ आणि पाहिलेल्या गोष्टींखाली दोन रेघा मारा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पहिल्या वाक्यात टेम्पोची हालचाल कळते, पण दोष सुचविलेला नाही. दुसऱ्या वाक्यात टेम्पो हा करणारा ठरतो. (आ) लागला. (इ) टक्कर होणे.

२. (अ) 'टपटप' म्हणजे सतत चालणारा आवाज. 'टपाटप' म्हणजे झपाट्याने, एकामागून एक होणारा आवाज. (आ) खळकन. (इ) उजव्या हाताचा 'ता' किंवा 'ना' आणि डाव्या हाताचा 'घे'.

३. (अ) धाडकन. (आ) स्मॅश. (इ) अपेक्षित उत्तर सुचविणारा प्रश्न.